अमेरिकेत स्थानिक पोलीस, काउंटी जेल आणि आयसीई: कोणाच्या हातात नेमकं काय

लंबक

व्हिसाच्या धाग्यावर परवा पुन्हा तोच वाद रंगला: इमिग्रेशन कायदा राबवणारी केंद्राची यंत्रणा आयसीई, आणि तिला सहकार्य न करणारी ‘सँक्च्युअरी’ शहरं. एका बाजूला ‘सँक्च्युअरी शहरात आयसीई पाऊलही ठेवू शकत नाही’, दुसऱ्या बाजूला ‘आता कुठलाही ट्रॅफिक पोलीस ग्रीन कार्ड मागणार आणि विमानात बसवणार’. दोन्ही चूक आहे. तिथे अवांतर होत होतं म्हणून हा वेगळा धागा.

आधी पाया. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा, आणि व्हिसाची मुदत संपूनही राहणं हा त्या कायद्यात मुळात दिवाणी भंग आहे, फौजदारी गुन्हा नाही. तपासणी चुकवून सीमा ओलांडणं आणि एकदा हद्दपार होऊन परत येणं, हे मात्र फौजदारी. स्थानिक पोलिसांची ताकद फौजदारी बाजूला आहे. दिवाणी बाजूला त्यांना स्वतःहून अटक करता येत नाही, हे २०१२ च्या अॅरिझोना विरुद्ध युनायटेड स्टेट्स निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं. अॅरिझोनाच्या एसबी १०७० या राज्य कायद्यातली तीन कलमं त्यात उडाली. टिकलं ते कलम २(बी): कायदेशीर कारणाने थांबवलेल्या माणसाच्या इमिग्रेशन स्टेटसबद्दल (देशात राहण्याच्या कायदेशीर दर्जाबद्दल) वाजवी संशय असेल तर चौकशी करायची.

उलट्या बाजूने केंद्रही राज्याच्या नोकरांना राबवून घेऊ शकत नाही. हे १९९७ च्या प्रिंट्झ निकालातलं तत्त्व. गंमत म्हणजे तो खटला बंदुकांचा होता. पिस्तूल घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायला केंद्राने शेरिफांना (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पोलीसप्रमुखांना) जुंपलं, तेव्हा माँटाना आणि अॅरिझोनातले शेरीफ कोर्टात गेले आणि जिंकले. आज सँक्च्युअरी कायद्यांचा मुख्य आधार तोच निकाल आहे.

म्हणजे केंद्र स्थानिकांना हुकूम सोडू शकत नाही आणि स्थानिक केंद्राला अडवू शकत नाहीत. सँक्च्युअरी शहरातसुद्धा आयसीई स्वतःची माणसं घेऊन स्वतःच्या बळावर कारवाई करतेच. शहर फक्त आपली माणसं, आपलं जेल आणि आपली माहिती त्यातून बाहेर ठेवतं.

खरी गाठ पडते ती रस्त्यावर नव्हे, जेलच्या बुकिंग काउंटरवर. अटक झाली की दहा बोटांचे ठसे राज्याच्या ब्युरोमार्फत एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीच्या डेटाबेसमध्ये तपासले जातात. सिक्युअर कम्युनिटीज नावाने हे २००८ मध्ये टेक्सासच्या हॅरिस काउंटीत सुरू झालं आणि जानेवारी २०१३ पर्यंत देशभर पोचलं. मधे नाव बदललं, धोरण बदललं, ठशांचा प्रवास थांबला नाही. काउंटीला यातून बाहेर पडता येत नाही, कारण ठसे ती आयसीईला देतच नाही. देते एफबीआयला, गुन्हेगारी रेकॉर्डसाठी, आणि ते तर हवंच असतं.

आपल्या लोकांनी इथे एक लक्षात घ्यावं. व्हिसावर आलेल्या जवळपास प्रत्येक प्रौढाचे ठसे कॉन्सुलेटमध्ये आणि विमानतळावर आधीच घेतलेले असतात. त्यामुळे जुळणी पक्की आणि लगेच होते. सीमेवर कधीच न सापडलेल्या माणसाचे ठसे मात्र त्या डेटाबेसमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त.

अडकित्ता

चांगला धागा. जुळणी झाल्यावर पुढे काय होतं ते मी लिहितो, कारण सगळे घोळ तिथेच होतात.

आयसीई जेलला फॉर्म आय-२४७ए पाठवते. हाच डिटेनर. त्यात दोन मागण्या असतात: या माणसाला सोडण्याआधी शक्य तितक्या लवकर कळवा, आणि एरवी ज्या क्षणी सोडलं असतं तिथून पुढे जास्तीत जास्त ४८ तास ठेवून घ्या. घड्याळ अटकेपासून सुरू होत नाही. जामीन भरला, खटला निकाली निघाला किंवा शिक्षा संपली, त्या क्षणापासून ते चालू होतं. जुन्या नियमात, म्हणजे केंद्राच्या नियमावलीतल्या ८ सीएफआर २८७.७(डी) मध्ये, शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून असं आहे. २०१७ पासूनच्या फॉर्मवर सरळ ४८ तास आहेत. शुक्रवारी संध्याकाळी सुटणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक दोन दिवसांचा होतो, आणि जेलचा क्लार्क जुन्या सवयीने सोमवारपासून मोजतो.

फॉर्मवर संभाव्य कारणाच्या (‘प्रॉबेबल कॉज’, म्हणजे अटकेला लागणारा आधार) चार चौकटी असतात: हद्दपारीचा अंतिम आदेश, चालू असलेली हद्दपारीची केस, बायोमेट्रिक जुळणी आणि रेकॉर्ड तपासणी, किंवा त्या माणसाचं स्वतःचं विधान वा इतर विश्वसनीय पुरावा. वकिलाने पहिली नजर इथे टाकावी. नुसत्या चौथ्या चौकटीवर खूण असेल तर बहुतेक वेळा कोणीतरी ‘जन्म कुठे?’ विचारलं आणि उत्तर मिळालं, इतकंच घडलेलं असतं. दुसरं, त्या माणसाला प्रत बजावल्याशिवाय डिटेनर लागू होत नाही, असं फॉर्मवरच छापलेलं आहे. ती प्रत फाइलमध्येच राहून जाते.

सोबत आय-२०० किंवा आय-२०५ असतो. पहिला अटकेचा, दुसरा हद्दपारीचा. दोन्हींवर ‘वॉरंट’ लिहिलेलं असलं तरी सही इमिग्रेशन अधिकाऱ्याची असते, न्यायाधीशाची नाही. अनेक राज्यांचे कायदे याच एका फरकावर उभे आहेत.

गारगोटी

डिटेनर आला की जेलला मानावाच लागतो ना? आमच्या काउंटीच्या वेबसाइटवर ‘केंद्रीय कायद्यानुसार ठेवून घेतो’ असं लिहिलंय.

अडकित्ता

नाही. केंद्राच्या कायद्यात ती विनंती आहे. थर्ड सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने २०१४ मध्ये गॅलार्झा खटल्यात हे स्पष्ट केलं. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय काउंटीने जामीन झालेल्या माणसाला डिटेनरवर तीन दिवस जास्त ठेवलं, आणि तो निघाला न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकन नागरिक. काउंटीचा बचाव होता ‘आम्हाला आदेश होता’. कोर्ट म्हणालं, आदेश नव्हता, तुम्ही निवड केलीत, तेव्हा जबाबदारीही तुमची.

त्याच वर्षी ऑरेगनमध्ये क्लॅकमास काउंटीचा निकाल आला. तिथे बाईला सांगितलं होतं की ५०० डॉलर जामीन भरलात तरी डिटेनरमुळे सुटका नाही. फेडरल कोर्टाने ही चौथ्या घटनादुरुस्तीखाली नवी अटक ठरवली, आणि त्या नव्या अटकेला वेगळं संभाव्य कारण लागतं. त्यानंतर ऑरेगनच्या आणि बाहेरच्याही कितीतरी शेरिफांनी न्यायाधीशाच्या सहीशिवाय ठेवून घेणं बंद केलं. ममता वाटली म्हणून नव्हे, विमा कंपनी आणि काउंटीचा वकील कान धरतात म्हणून.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लन खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितलं की राज्याच्या कायद्यात दिवाणी डिटेनरवर अटकेचा अधिकारच नाही. म्हणून तुमच्या काउंटीच्या वेबसाइटवर काय लिहिलंय यापेक्षा तुमच्या राज्याचा कायदा काय म्हणतो ते बघा.

ताम्हण

इमिग्रेशन कायद्याचं कलम २८७(जी) राहिलं. ते नसेल तर अर्धं चित्र दिसत नाही.

१९९६ च्या दुरुस्तीने हे कलम आलं. लेखी करार करून स्थानिक अधिकाऱ्यांना इमिग्रेशनची ठरावीक कामं द्यायची, तीही आयसीईच्या देखरेखीखाली आणि प्रशिक्षणानंतरच. पहिला करार २००२ मध्ये फ्लोरिडाने केला. तीन नमुने आहेत.

जेल नमुन्यात डेप्युटी (शेरिफाचा पोलीस) जेलमध्ये आणलेल्यांचीच मुलाखत घेतो, डेटाबेस तपासतो, कागद तयार करतो. यासाठी चार आठवड्यांचं निवासी प्रशिक्षण असायचं. वॉरंट सर्व्हिस ऑफिसर हा २०१९ चा हलका नमुना. त्यात मुलाखत नाही, जेलमध्ये आधीच असलेल्या माणसावर आयसीईचं वॉरंट बजावायचं एवढंच, आणि प्रशिक्षण एका दिवसाचं. ज्या राज्यांत डिटेनर कोर्टात टिकत नव्हता तिथे कागदोपत्री ‘केंद्राचा अधिकार’ यावा, हा त्याचा खरा उपयोग. तिसरा टास्क फोर्स नमुना. यात रस्त्यावरचा गस्तीचा पोलीस स्टेटस विचारू शकतो आणि अटक करू शकतो. हा २०१२ अखेर बंद झाला होता, जानेवारी २०२५ नंतर पुन्हा सुरू झाला. आता प्रशिक्षण सुमारे ४० तासांचं, तेही ऑनलाइन. २०२५ च्या सुरुवातीला सगळे मिळून १३५ च्या आसपास करार होते, सप्टेंबरपर्यंत आकडा हजारावर गेला.

टास्क फोर्स नमुना बंद का झाला होता? मॅरिकोपा काउंटी. शेरीफ जो अर्पायो यांच्या मोहिमांत लॅटिनो चालकांना वेचून थांबवलं जात होतं. डिसेंबर २०११ मध्ये होमलँड सिक्युरिटीने करार काढून घेतला आणि २०१३ मध्ये मेलेंड्रेस खटल्यात फेडरल कोर्टाने वांशिक भेदभाव झाल्याचं ठरवलं. देखरेखीचा खर्च काउंटीचे करदाते अजून भरताहेत.

करार करणाऱ्या काउंटीने खर्चाचं गणित आधी मांडावं. कायद्यातच ‘राज्याच्या किंवा स्थानिक संस्थेच्या खर्चाने’ असं आहे. आयसीईने २०२५ च्या ऑक्टोबरपासून टास्क फोर्सच्या अधिकाऱ्यांचे पगार भरून द्यायची योजना आणली, पण पैशाच्या अटी धोरणाबरोबर बदलतात आणि दाव्याची जोखीम मागे उरते.

प्रतिवादी

सगळं एकाच बाजूने चाललंय, म्हणून थोडा विरोधी सूर.

शेरिफांचा युक्तिवाद साधा आहे. जेलच्या आत माणूस झडती होऊन, निःशस्त्र बसलेला असतो. दोन अधिकारी येऊन पाच मिनिटांत ताबा घेतात. तोच माणूस सुटून घरी गेला की आयसीईला सात-आठ जणांचं पथक पाठवावं लागतं, आणि त्या घरातले, त्या गाडीतले बाकीचे लोकही सापडतात. म्हणजे जेलने असहकार केला की वस्तीतल्या धाडी वाढतात. यात तथ्य आहे आणि ‘सँक्च्युअरी’वाले यावर बोलायचं टाळतात.

दुसरं, हा शेरिफाच्या मर्जीचा प्रश्न असतोच असं नाही. टेक्सासमध्ये २०१७ च्या एसबी ४ ने डिटेनर मानणं सक्तीचं केलं. मोडल्यास पहिल्या वेळी १,००० ते १,५०० डॉलर, पुढच्या वेळी २५,००० ते २५,५०० डॉलर दंड, पदावरून हकालपट्टी, आणि शेरिफावर फौजदारी गुन्हा. फिफ्थ सर्किटने २०१८ मध्ये बहुतांश कायदा उचलून धरला. २०२५ च्या नव्या कायद्याने जेल चालवणाऱ्या शेरिफांना २८७(जी) करार मागणंही बंधनकारक केलंय, मुदत डिसेंबर २०२६. फ्लोरिडा (२०१९), जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिना (दोन्ही २०२४) याच वाटेवर. प्रिंट्झ इथे कामाला येत नाही. ते तत्त्व केंद्र आणि राज्य यांच्यातलं आहे. काउंटी आणि शहर ही राज्याची लेकरं, राज्य त्यांना हवं ते सांगू शकतं.

लंबक

प्रतिवादी, शेवटचा मुद्दा अगदी नेमका. टेक्सासच्या ऑस्टिन शहराला जे जमत नाही ते कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिसला जमतं, यात शहरांच्या धैर्याचा काही संबंध नाही.

धाडींबद्दल: ताबा जेलमध्ये घेणं सुरक्षित आहे हे मान्य. पण विनंती आली की सरसकट द्यायचं आणि न्यायाधीशाची सही असेल तरच द्यायचं, यांच्या मधे पुष्कळ जागा आहे, आणि कॅलिफोर्निया त्या मधल्या जागेतच आहे. तिथला एसबी ५४ (जानेवारी २०१८ पासून) नुसत्या डिटेनरवर ठेवून घ्यायला मनाई करतो. मात्र ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची सुटकेची वेळ कळवायला आणि ताबा द्यायला तो परवानगी देतो. राज्याचे तुरुंग तर त्या बंधनातून बाहेरच आहेत. त्याच्या जोडीला ट्रुथ अॅक्ट: आयसीईने जेलमध्ये मुलाखत घ्यायच्या आधी लेखी संमतीपत्र द्यावं लागतं, ‘वकिलाशिवाय बोलणार नाही’ हा पर्याय त्यातच असतो, आणि डिटेनरची प्रत कैद्याला मिळालीच पाहिजे. नाइन्थ सर्किटने २०१९ मध्ये एसबी ५४ वैध ठरवला.

गारगोटी

मग ८ यूएससी १३७३ या केंद्रीय कलमाचं काय? त्यात तर माहिती लपवायला मनाई आहे म्हणतात.

अडकित्ता

वाचलंत तर फार अरुंद कलम आहे. एखाद्या व्यक्तीच्या नागरिकत्वाची किंवा इमिग्रेशन स्टेटसची माहिती आयसीईला द्यायला स्थानिक सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना मनाई करू नये, एवढंच. सुटकेची वेळ, घरचा पत्ता यात बसत नाही, असं नाइन्थ सर्किटने म्हटलंय. आणि माहिती गोळाच केली नाही तर देण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून लॉस एंजेलिस पोलिसांचा १९७९ चा स्पेशल ऑर्डर ४० ‘विचारूच नका’ या टोकाला धरून लिहिला गेला.

गळती होते ती भलतीकडूनच. जेलची ऑनलाइन यादी, त्यात सुटकेची तारीख आणि जन्मस्थळाचा रकाना. धोरण कितीही कडक असू दे, वेबसाइटवर ‘अंदाजे सुटका: ०४:३०’ दिसत असेल तर आयसीईला फोनही करावा लागत नाही. नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांचंही तेच. शहर स्वतः देत नाही, पण ज्या दुसऱ्या शहराला शोधायची परवानगी दिलीय तिथला कोणीतरी आयसीईसाठी शोधून देतो. नगरपालिकेने ऑडिट लॉगमधला ‘शोधाचं कारण’ हा रकाना वाचला तरच हे कळतं.

ताम्हण

रस्त्यावरच्या थांब्याबद्दल, कारण भीती त्याचीच जास्त आहे.

पोलिसाने लायसन्सवरून नाव चालवलं की एनसीआयसी या एफबीआयच्या डेटाबेसमध्ये इमिग्रेशनची नोंद दिसू शकते. बहुतेक वेळा ते दिवाणी वॉरंट असतं. अधिकाऱ्याने व्हरमाँटच्या विलिस्टनमधल्या आयसीईच्या चोवीस तास चालणाऱ्या केंद्राकडून खात्री करायची असते. करार नसेल तर त्या नोंदीवरून स्वतःहून पकडून ठेवता येत नाही. फोर्थ सर्किटचा २०१३ चा सँटोस विरुद्ध फ्रेडरिक काउंटी हा निकाल पाहा. बाई कामाच्या जागेमागे सँडविच खात बसली होती, दोन डेप्युटींनी नाव विचारलं, नोंद सापडली, आणि आयसीईने काही सांगायच्या आधीच तिला उठू दिलं नाही. काउंटीचा २८७(जी) करार होता! पण त्या दोघांचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. अटक बेकायदा ठरली.

शिवाय २०१५ चा रॉड्रिग्ज निकाल: तिकीट लिहायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ वाजवी संशयाशिवाय थांबवता येत नाही. आयसीईचा फोन येईपर्यंत ‘जरा थांबा’ म्हणणं यात अडकतं. पण ज्याचं टास्क फोर्सचं प्रशिक्षण झालंय त्या अधिकाऱ्याच्या बाबतीत हे गणित बदलतं, हे विसरू नका.

आणि परदेशी नागरिकाने, १८ वर्षांवरील असल्यास, नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असतो. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड, एच-१बी वाल्यांनी आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद). हा केंद्राचा फौजदारी नियम आहे. आय-९४ आता कागदावर मिळत नाही, वेबसाइटवरून छापून घ्यावा लागतो, आणि तो छापलेला नसणारेच बहुसंख्य.

लंबक

एच-१बी, एच-४ आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी, कारण विपू (विचारपूस) त्याबद्दलच येताहेत.

दारू पिऊन गाडी चालवल्याची अटक झाली की ठसे जातातच. स्टेटस वैध असेल तर सहसा डिटेनर येत नाही. पण परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करतं, दोषी ठरायची वाटही न बघता. व्हिसा रद्द म्हणजे स्टेटस रद्द नव्हे. देशात राहून नोकरी चालू ठेवता येते. बाहेर गेलात की नवा स्टँप, आणि त्यासाठी नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी.

याहून मोठा खड्डा म्हणजे स्थानिक कोर्टातली ‘सोपी’ तडजोड. दुकानातून वस्तू उचलल्याच्या केसमध्ये सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल करा, सहा महिने नीट वागा, केस काढून टाकू. राज्याच्या रेकॉर्डवर केस निघते. इमिग्रेशन कायद्यात मात्र कबुली आणि न्यायाधीशाने घातलेलं कुठलंही बंधन, दोन्ही मिळून ‘दोषसिद्धी’ होते, नंतर खोडली तरी. कबुली न देता होणारं डायव्हर्जन (खटल्याऐवजी सुधारणा कार्यक्रम) मागा. २०१० च्या पडिया निकालानुसार फौजदारी वकिलाने हद्दपारीचा परिणाम सांगणं बंधनकारक आहे, सरकारी खर्चाच्या वकिलानेसुद्धा. जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्यानंतर चोरीच्या नुसत्या आरोपावरही विनाजामीन ताबा होऊ शकतो. पण तो ज्यांना कायदेशीर प्रवेशच मिळालेला नाही अशा व तत्सम गटांना लागू आहे, वैध एच-१बी वर आलेल्याला नाही.

शिक्षेचा आकडाही बघा. काही गुन्ह्यांत एक वर्षाची शिक्षा, स्थगित असली तरी, केस थेट सर्वांत गंभीर वर्गात ढकलते. म्हणूनच वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांनी किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली. राज्याच्या विधिमंडळाने एका दिवसाने केलेला हा बदल कितीतरी ठरावांपेक्षा जास्त उपयोगी आहे, असं माझं मत.

प्रतिवादी

याला +१. आणि डिटेनर असेल तर जामीन भरण्याआधी वकिलाला विचारा. जामीन भरला की काउंटीचं घड्याळ सुरू होतं आणि माणूस सरळ आयसीईकडे जातो. मग काउंटीच्या कोर्टाची तारीख चुकते, वॉरंट निघतं आणि जामिनाची रक्कमही जप्तीच्या वाटेला लागते. आयसीईच्या ताब्यात आहे असं लेखी कोर्टात दाखल करावं लागतं, कोणी आपणहून कळवत नाही.

अडकित्ता

अटकेनंतर भारतीय कॉन्सुलेटला कळवण्याचा हक्क आहे हे पोलिसांनी विनाविलंब सांगायचं असतं (व्हिएन्ना करार, कलम ३६). ही जबाबदारी आयसीईइतकीच गावच्या पोलिसांचीही. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी यू व्हिसाचा आय-९१८ पुरवणी बी हा फॉर्मही स्थानिक पोलीस किंवा सरकारी वकील सही करून देतात. सही झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज पोचला पाहिजे. नाहीतर पुन्हा सहीपासून सुरुवात.

गारगोटी

जेलमधून आयसीईने नेलं तर माणूस कुठे आहे ते कसं कळतं?

अडकित्ता

आयसीईच्या ऑनलाइन लोकेटरवर. ए-नंबर (इमिग्रेशन फाइलचा क्रमांक) आणि देश, किंवा नाव, आडनाव आणि जन्मदेश. नावात एक अक्षरही इकडेतिकडे चालत नाही, आणि आपल्याकडच्यांचं तिथेच अडतं. पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये जोडलेलं असतं, जेलच्या क्लार्कने ते मधलं नाव म्हणून तरी टाकलेलं असतं नाहीतर आडनाव म्हणून. दोन्ही पद्धतींनी शोधा. नोंद लगेच येत नाही, आणि १८ वर्षांखालच्यांची दिसतच नाही. एच-१बी वाल्याला आधी ए-नंबर नसण्याचीच शक्यता जास्त. हद्दपारीची नोटीस बजावली की त्या कागदावर वर उजव्या बाजूला तो असतो. तो मिळाला की इमिग्रेशन कोर्टाच्या ऑटोमेटेड केस इन्फर्मेशनवर पुढची तारीख बघता येते.